आराखड्यात पाण्याला थांबायला जागा आहे का?

‘टॉवर वाढले म्हणून मुंबई तुंबते.’ लोकलमध्ये, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, पुनर्विकासाच्या सभेत हे वाक्य हमखास ऐकू येतं. त्यावर बिल्डरचा माणूस गुळगुळीत ब्रोशर पुढे सरकवतो. त्यात पोडियमवर, म्हणजे इमारतीच्या पायथ्याशी असलेल्या पार्किंगच्या मजल्यांच्या गच्चीवर, हिरवळ असते, हिरवळीवर योगासनं करणारं जोडपं असतं आणि वर ‘शाश्वत’ हा शब्द असतो. एकजण मजले मोजतो, दुसरा हिरवा रंग. पाण्याला या दोन्हींशी फारसं देणंघेणं नाही.

मजल्यांचं प्रकरण आधी निकालात काढू. पाऊस भूखंडाच्या क्षेत्रफळावर पडतो. 4,000 चौरस मीटरच्या भूखंडावर तासाला 50 मिलिमीटर पाऊस झाला, तर एका तासात 200 घनमीटर पाणी जमतं, म्हणजे 2 लाख लिटर, म्हणजे 10 हजार लिटरचे 20 टँकर. वर चार मजले असोत की चाळीस, आकडा तोच. उलट तीच घरं एकावर एक रचली तर खाली जमीन जास्त मोकळी राहायला हवी. एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा, वाढवणं हे आपोआप पाप ठरत नाही.

मग जमीन जाते कुठे? बऱ्याच अंशी गाड्यांखाली. 2018 साली मंजूर झालेल्या, 2034 पर्यंतच्या विकास आराखड्याच्या नियमावलीत 90 चौरस मीटरपेक्षा मोठ्या घराला दोन गाड्यांची जागा धरावी लागते. एका गाडीला, आत-बाहेर करायच्या वाटेसकट, साधारण 25 चौरस मीटर लागतात. त्यातून पोडियम वर चढतो, बेसमेंट कुंपणापर्यंत पसरतं आणि ब्रोशरमधली हिरवळ काँक्रीटच्या स्लॅबवर हातभर मातीत उगवते. इमारतींनी सोडायच्या किमान मोकळ्या जागा पोडियमवर नव्हे तर जमिनीवरच हव्यात, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2013 मध्ये बजावलं होतं. नव्या नियमावलीने मधली वाट काढली. आवश्यक मोकळ्या जागेपैकी किमान 60 टक्के जमिनीवर हवी, आणि त्यातली निम्मी ‘मदर अर्थ’वर, म्हणजे खाली बेसमेंट नसलेल्या अस्सल मातीवर. आता हिशेब करा. आपल्या 4,000 चौरस मीटरच्या भूखंडाला 20 टक्के मोकळी जागा, म्हणजे 800 चौरस मीटर. त्याचे 60 टक्के 480. त्याचे निम्मे 240. भूखंडाच्या 6 टक्के! नियम तंतोतंत पाळूनही एवढीच खरी माती उरली तरी चालते.

आता माझ्या आवडत्या सूत्राकडे येऊ. शाळेतला गुणाकार आला की पुरे. नाल्यात येणारं पाणी = अपवाह गुणांक × पावसाची तीव्रता × क्षेत्रफळ. 1850 च्या सुमारास मल्व्हनी नावाच्या आयरिश अभियंत्याने ही कल्पना मांडली, 1889 मध्ये अमेरिकेत क्युचलिंगने ती शहरी गटारांना लावली, आणि आजही जगभरचे पालिका अभियंते छोट्या पाणलोटासाठी हीच वापरतात. अपवाह गुणांक म्हणजे पडलेल्या पावसातला किती हिस्सा लगेच वाहून निघतो. काँक्रीटला तो 0.9 च्या पुढे जातो, चांगल्या बागेला 0.2 असू शकतो.

मुंबईच्या जुन्या पर्जन्य जलवाहिन्या तासाला 25 मिलिमीटर पाऊस आणि 0.5 गुणांक धरून आखलेल्या होत्या. म्हणजे निम्मा पाऊस जमीन सांभाळेल, हे गृहीत. मुंबईतल्या पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यावरच्या 1993 च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने नवा हिशेब मांडला: 50 मिलिमीटर आणि गुणांक 1. म्हणजे जमीन काहीही सांभाळणार नाही, सगळं पाणी नाल्यात येणार. 25 गुणिले 0.5 म्हणजे साडेबारा, 50 गुणिले 1 म्हणजे पन्नास. प्रवाह चौपट. मूळ उताराच्या, काठोकाठ वाहणाऱ्या गोल पाइपातून चौपट पाणी न्यायचं तर त्याचा व्यास सुमारे 1.7 पट करावा लागतो, आणि तो बसवायचा त्याच गल्लीखाली, जिथे पाण्याचा पाइप, गॅस, वीज आणि केबलवाल्यांनी आधीच दाटी केली आहे.

पण खरी गंमत सूत्रातल्या मधल्या पदात लपलेली आहे. ‘पावसाची तीव्रता’ कुठल्या कालावधीची घ्यायची? तासाची सरासरी 50 असली, तरी त्याच तासातल्या सर्वात जोरदार दहा मिनिटांचा वेग 100 च्या वर असू शकतो. जितका छोटा कालावधी, तितकी मोठी तीव्रता. नाल्यासाठी योग्य कालावधी म्हणजे पाणलोटाच्या सर्वात लांबच्या कोपऱ्यातला थेंब नाल्याच्या तोंडाशी पोचायला लागणारा वेळ, कारण त्या क्षणापासून सगळं क्षेत्र एकाच वेळी नाल्यात पाणी ओतू लागतं. याला संकेंद्रण काळ म्हणतात. दादरच्या पुलावर एकेक गाडी आली तर माणसं निभावून नेतात. दोन्ही फलाटांवर एकदम गाड्या आल्या की तोच पूल, तीच माणसं, आणि चेंगराचेंगरीची वेळ. खडबडीत, गवताळ, खाचखळग्यांच्या जमिनीवर थेंब रेंगाळतो. गुळगुळीत काँक्रीट, पेव्हर ब्लॉक आणि गच्चीपासून थेट गटारात उतरणारा पाइप असला की तो मिनिटांत हजर. संकेंद्रण काळ आखडला की हिशेबात आणखी तीव्र पाऊस घ्यावा लागतो. म्हणजे जमीन झाकल्याने गुणांक वाढतोच, वर तीव्रताही वाढते, आणि उत्तरात या दोन वाढींचा गुणाकार होतो. (हा परिच्छेद सुटला असेल तरी हरकत नाही. ‘झाकलेली जमीन पाणी जास्त देते आणि लवकर देते’ एवढं धरून पुढे चला.)

इथे पर्यावरणवाद्यांचं एक लाडकं गृहीतकही तपासायला हवं. ‘माती असती तर पाणी मुरलं असतं.’ जूनच्या पहिल्या सरीत, हो. जुलैअखेरीस, आठवडाभर झड लागलेली असताना, नाही. मुंबईत भूजल बऱ्याच ठिकाणी आधीच उथळ आहे, खाली बेसॉल्टचा खडक किंवा भराव, आणि माती तुडुंब भिजलेली. त्या दिवशी मैदानाचाही गुणांक एकाच्या दिशेने सरकतो. अहवालाने 1 धरला तो उगाच नाही. म्हणून ‘स्पंज सिटी’, म्हणजे पाऊस जागच्या जागी शोषून घेणारं शहर, हा शब्द ऐकला की मी जरा सावध होतो. भिजलेला स्पंज आणखी काय शोषणार? तरीही मैदान महत्त्वाचं, कारण ते पाणी मुरवत नसलं तरी अडवतं. त्याच्या खोलगट भागात बोट-दोन बोटं पाणी तासभर उभं राहतं, आणि तेवढा तास नाल्याला मिळतो.

हा तास का लाखमोलाचा, ते समुद्र सांगतो. दर पावसाळ्यात वृत्तवाहिन्या ओरडतात, ‘आज 4.8 मीटर उंचीच्या लाटा उसळणार!’ लाटांचा आणि त्या आकड्याचा संबंध नाही. ती भरतीच्या पाण्याची पातळी असते, आणि मोजली जाते साधारण सर्वात खोल ओहोटीच्या रेषेपासून. मुंबईत समुद्राची सरासरी पातळी त्या रेषेपेक्षा अंदाजे अडीच मीटर वर आहे, म्हणजे 4.8 ची भरती सरासरीपेक्षा सव्वादोन मीटरच्या आसपास वर. घाबरायचं असेल तर वेगळ्या कारणाने घाबरावं. शहराच्या पर्जन्य जलवाहिन्यांची 186 मुखं समुद्रात किंवा खाडीत उघडतात. त्यांतली 45 सरासरी समुद्रपातळीच्याही खाली आहेत, आणि 135 सरासरीच्या वर पण भरतीच्या पातळीखाली. भरती चढली की नाल्याचं तोंड बंद. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लिव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझदरबंध इथली उदंचन केंद्रं पाणी उपसतात, पण पंपाची क्षमता ठरलेली असते. 26 जुलै 2005 ला सांताक्रुझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. तसल्या दिवसापुढे कुठलीच टाकी आणि कुठलाच पंप पुरणार नाही, हेही सांगून टाकतो. पण दरवर्षी आपल्याला छळतो तो भरतीच्या वेळी तास-दीड तास कोसळणारा पाऊस, आणि त्याचा बंदोबस्त करता येतो.

कसा? पुन्हा त्याच भूखंडावर जाऊ. 10 मीटर लांब, 10 मीटर रुंद, 2 मीटर खोल टाकी बांधा. 200 घनमीटर, जागा चार गाड्यांची. तिच्या तळाशी 10 सेंटिमीटर व्यासाचं एक भोक, बस. तासाला 50 मिलिमीटर पावसात भूखंडावरून सेकंदाला 56 लिटर पाणी टाकीत येतं. भोकातून बाहेर पडणारा प्रवाह पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळावर ठरतो, म्हणून तो आपोआप लगाम घालतो. टाकी काठोकाठ भरली तरी बाहेर जातात सेकंदाला 30 लिटरच्या आत. म्हणजे संपूर्ण काँक्रीटचा भूखंड नाल्याला पुन्हा जवळपास 0.5 गुणांकाचा वाटायला लागतो. जुन्या अभियंत्यांनी धरलेला तोच 0.5! याच वेगाने पाऊस सलग दीड तासाहून थोडा जास्त चालला तर टाकी ओसंडते, आणि थांबल्यावर ती पावणेचार तासांत रिकामी होते. ना सेन्सर, ना ॲप. टाकीचा तळ रस्त्याच्या नाल्यापेक्षा खोल गेला तर मात्र पंप आला, आणि ऐन पावसात वीज गेली की खेळ खलास. त्यामुळे ती बेसमेंटच्या तळाशी ढकलायची नाही. भोक गाळाने बुजतं, ते पावसाळ्याआधी साफ करायला माणूस लागतो. सोसायटीच्या सेक्रेटरीच्या डोक्याला हा ताप राहणारच.

‘आमच्याकडे रेनवॉटर हार्वेस्टिंग आहे की!’ असं कोणी म्हणेल. त्याची टाकी भरलेली असण्यात शहाणपण आहे, या टाकीचं रिकामी असण्यात. मुसळधार पावसाच्या आदल्या रात्री भरलेली टाकी नाल्याच्या दृष्टीने शून्य. दोन्ही हव्यात, पण एकीच्या नावावर दुसरीची मंजुरी घेऊ नये. आणि वास्तुशास्त्राचं काय सांगावं! एका सोसायटीत मी शोषखड्डा ईशान्येला खणलेला पाहिला, कारण ‘पाणी ईशान्येला शुभ’. भूखंडाचा उतार नैर्ऋत्येला. खड्डा वर्षानुवर्षं कोरडा, आणि नैर्ऋत्येच्या मीटर रूममध्ये दर जुलैत घोटाभर पाणी. गुरुत्वाकर्षणाला दिशांचं सोयरसुतक नसतं.

पालिकेने दादर-परळच्या सखल हिंदमाता भागात तुंबणारं पाणी साठवायला प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली टाक्या बांधल्या, तेव्हा तत्त्व हेच होतं. मग हेच तत्त्व मिठागरांना लावून बघू. धारावी पुनर्विकासातल्या काहींच्या घरांसाठी कांजूर, भांडुप, मुलुंड भागातली सुमारे 256 एकर मिठागरं देण्याला केंद्राने 2024 मध्ये मान्यता दिली. 256 एकर म्हणजे 104 हेक्टर. पावसाळ्यात तिथे मीठ पिकत नाही. बांधांमध्ये पाणी साचून राहतं. फूटभर पाणी धरलं तर 31 कोटी लिटर, म्हणजे आपल्या वरच्या टाक्या दीड हजारांहून जास्त. भराव घालून जमीन उंचावली की हे पाणी नाहीसं होत नाही, शेजारच्या सखल वस्तीत शिरतं. धारावीकरांना घरं नकोत, असं मी म्हणणार नाही; शीवच्या किंवा मुलुंडच्या फ्लॅटमध्ये बसून तसं म्हणणं सोपं आहे. माझी तक्रार हिशेबाची आहे. भरावाच्या प्रस्तावात गेलेल्या 31 कोटी लिटरची भरपाई कुठे, हा रकाना असला पाहिजे.

तो नाही, कारण आराखडा नकाशावरचे भू-वापराचे रंग ओळखतो, पृष्ठभाग ओळखत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 नुसार आराखड्याआधी विद्यमान भू-वापराचं सर्वेक्षण होतं. त्यात निवासी भाग, शाळा, उद्यानं वेगवेगळी दाखवतात. पण शाळेचं मैदान मातीचं की पेव्हर ब्लॉकचं, हे नकाशा सांगत नाही. 2015 चा मसुदा तर चुकांमुळे सरकारने पालिकेला नव्याने करायला लावला होता. पृष्ठभागाची नोंद ही फार पुढची गोष्ट. मार्च 2022 च्या मुंबई हवामान कृती आराखड्यात पुराचा विचार आहे, मात्र इमारतीचा नकाशा मंजूर होतो तो विकास नियमावलीवर. त्या नियमावलीत एफएसआय दोन दशांश स्थळांपर्यंत तपासतात, गाड्या एकेक मोजतात. भूखंडातून नाल्यात सेकंदाला जास्तीत जास्त किती लिटर सोडता येतील, ही मर्यादा त्याच मंजुरीच्या तक्त्यात एका ओळीत बसेल. पालिकेकडे भूखंडाचं क्षेत्रफळ आहे, गुणाकार करणारे अभियंते आहेत. 2034 नंतरच्या आराखड्यासाठी भू-वापराचं सर्वेक्षण त्याच्या बरंच आधी सुरू करावं लागेल. प्रत्येक वॉर्डात एखाद्या पाणलोटाची पृष्ठभागासकट नोंद घेऊन सुरुवात करायला तेवढीही वाट बघण्याची गरज नाही.