मुंबईची गोरी पलटण

आयर्लंडमध्ये 1881 साली ‘रॉयल डब्लिन फ्युसिलियर्स’ नावाची रेजिमेंट उभी झाली. तिची दुसरी बटालियन मात्र मुळीच नवी नव्हती. दोनशे वर्षांहून अधिक काळ ती अस्तित्वात होती आणि त्यातला बहुतेक काळ मुंबईच्या चाकरीत गेला होता. ब्रिटिश म्हणावी तर ब्रिटिश, पण जन्माने ती आपल्या किनाऱ्याचीच.

मुंबई बेट पोर्तुगीजांनी इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला आंदण दिलं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. ते ताब्यात घ्यायला आलेल्यांचं काय झालं, ते सहसा कोणी सांगत नाही. 1662 मध्ये सर अब्राहम शिपमन सुमारे 400 सैनिक घेऊन आला. पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी कागदपत्रांत खुसपट काढून ताबा नाकारला. सुरतेच्या वखारीतले इंग्रजही मोगलांच्या धाकाने या फौजेला आसरा देईनात. शेवटी कारवारजवळच्या अंजदीव बेटावर तळ पडला. तिथे पावसाळे काढता काढता माणसं तापाने पटापट मेली. एप्रिल 1664 मध्ये खुद्द शिपमन गेला. फेब्रुवारी 1665 मध्ये त्याचा सेक्रेटरी हम्फ्री कुक याने मुंबईचा ताबा घेतला, तेव्हा मूळच्या चारशेंपैकी जेमतेम शंभरेक उरले होते. पलटणीची वंशावळ सुरू होते ती या उरलेल्यांपासून.

राजाला मुंबई परवडेना. 1668 मध्ये त्याने ती वर्षाला 10 पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली आणि बेटावरचे सैनिक कंपनीच्या नोकरीत गेले. पुढच्या कटकटीचं मूळ इथे आहे. राजाचे शिपाई व्यापाऱ्यांचे चाकर झाले आणि व्यापारी पै-पैचा हिशेब बघणारे. पगार आणि सैन्यावरच्या खर्चाला कात्री लागू लागली, तशी धुसफूस वाढली. डिसेंबर 1683 मध्ये सेनाप्रमुख कॅप्टन रिचर्ड केग्विन याने डेप्युटी गव्हर्नर वॉर्डला कैद करून मुंबई थेट राजाच्या नावाने ताब्यात घेतली.

हा केग्विन म्हणजे 1679 मध्ये खांदेरीच्या समुद्रात शिवाजी महाराजांच्या आरमाराशी लढलेला गडी. मुंबई हाती येताच त्याने पहिल्यांदा काय केलं, तर वकील पाठवून संभाजी महाराजांशी तह केला. मराठी मुलखातली माणसं विकत घेऊन त्यांना गुलाम किंवा ख्रिस्ती करायचं नाही, हे त्यातलं एक कलम. मला या तहातलं सर्वांत महत्त्वाचं कलम हेच वाटतं, आणि ते महाराजांच्या बाजूने आलेलं आहे. सगळ्यांना माफीचं आश्वासन मिळाल्यावर नोव्हेंबर 1684 मध्ये केग्विनने मुंबई सोडली. बंड मोडलं, पलटण राहिली.

पुढे ‘बॉम्बे युरोपियन रेजिमेंट’ या नावाने ती कंपनीच्या जवळजवळ प्रत्येक मोहिमेत दिसते. श्रीरंगपट्टण, ओमानमधलं बनी बू अली, 1839 मध्ये घेतलेलं एडन, 1849 चं मुलतान. मराठी वाचकाला टोचणारं नाव मात्र खडकीचं. ऑक्टोबर 1817 च्या अखेरीस ही पलटण मुंबईहून घाईघाईने पुण्यात पोचली आणि 5 नोव्हेंबरला इंग्रजी फळीच्या मध्यभागी उभी होती. त्या दिवशी सगळं मिळून कंपनीचं सैन्य तीन हजारांच्या आतलं, त्यात गोरे आठशेच्या आसपास. बाकीचे देशी शिपाई. पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांच्या घोडदळाचा मुख्य हल्लाही देशी पलटणीवरच आला आणि मध्ये लागलेल्या दलदलीत त्याचा जोर ओसरला. जरीपटका, म्हणजे मराठ्यांचं निशाण, सांभाळणारे मोरो दीक्षित पडले. युद्धसन्मानांत ‘किर्की’ (खडकीचं इंग्रजी रूप) हे नाव या गोऱ्या पलटणीलाही मिळालं.

1858 मध्ये कंपनीचं राज्य गेलं आणि जुनाच प्रश्न उलटा होऊन पुढे आला. कंपनीचे गोरे सैनिक, त्यांना न विचारता, राणीच्या सैन्यात वर्ग झाले. आम्ही काय गुरंढोरं आहोत का, हा त्यांचा सूर. नव्याने भरती करा आणि भरतीची बक्षिशी द्या, नाहीतर मोकळं करा, अशी मागणी झाली. असंतोषाचा जोर बंगालकडे जास्त होता. सरकार शेवटी नमलं आणि सुमारे दहा हजार जण नोकरी सोडून मायदेशी गेले. केग्विनच्या माणसांना कंपनी नको होती, यांना फुकटात राणी नको होती. दोन्ही वेळी घोडं पैशापाशीच अडलं.

1862 मध्ये पलटणीला 103 हा क्रमांक आणि ‘रॉयल बॉम्बे फ्युसिलियर्स’ हे नाव मिळालं. कंपनीच्या गोऱ्या पलटणींत आयरिश भरती पूर्वीपासून मोठी होती, त्यामुळे 1881 मध्ये मद्रासच्या 102 व्या पलटणीबरोबर तिला डब्लिनशी जोडणं फारसं विचित्र नव्हतं. टोपीवरच्या बिल्ल्यावर वाघ आणि हत्ती तेवढे राहिले. पुढे बोअर युद्ध झालं, पहिलं महायुद्ध झालं आणि आयर्लंड स्वतंत्र झाल्यावर 1922 मध्ये रेजिमेंटच बरखास्त झाली.

झाशीवर चालून गेलेली मुंबईची गोरी पलटण ती हीच, असा समज आढळतो. तो चुकीचा आहे. सर ह्यू रोझबरोबर 1858 मध्ये होती ती तिसरी बॉम्बे युरोपियन, 1853 मध्ये उभारलेली. ती पुढे लीन्स्टर रेजिमेंटमध्ये गेली आणि तीही 1922 मध्येच संपली. 1839 मध्ये उभारलेली दुसरी बॉम्बे युरोपियन ही डरहॅम लाइट इन्फंट्री या रेजिमेंटमध्ये मिसळली आणि त्या नावाने 1968 पर्यंत टिकली.