ओला कचरा घरच्या घरी जिरवणे

भाजीची देठे व साली, फळांची टरफले, चहाचा चोथा, निर्माल्य, उरलेसुरले अन्न अशा स्वयंपाकघरातून रोज निघणाऱ्या कुजण्याजोग्या पदार्थांचे घराच्या आवारात, गच्चीवर किंवा बाल्कनीत सूक्ष्मजीवांकरवी खत करण्याच्या पद्धतीला ओला कचरा घरच्या घरी जिरवणे असे म्हणतात. पर्यावरणाला कमी भार होईल अशा रीतीने राहण्याचे जे घरगुती उपाय सांगितले जातात, त्यांपैकी हा बहुधा सर्वांत कमी खर्चाचा आणि सर्वांत लवकर परिणाम दाखवणारा उपाय आहे. भारतीय शहरांच्या घरगुती कचऱ्यात साधारण निम्मा वाटा ओल्या कचऱ्याचा असतो. तो घरातच थांबला, तर कचरा वाहून नेण्याचे काम तेवढे हलके होतेच. शिवाय उरलेला कागद, काच आणि प्लास्टिक खरकट्याने न बरबटल्यामुळे भंगारात विकण्याजोगे राहते.

ही पद्धत महाराष्ट्राला नवी नाही. खेड्यातील घराला उकिरडा असेच. गोठ्यातील शेण, चुलीतील राख, अंगणातील केर आणि गुरांनी न खाल्लेला चारा त्यावर पडत राही, आणि पावसाळ्यापूर्वी ते खत गाडीने शेतात जाई. खरकटे मात्र उकिरड्यापर्यंत पोचण्याआधीच जनावरांच्या पोटात जात असे. या व्यवहाराला शास्त्रीय शिस्त लावण्याचे काम इंदूर येथे झाले. तेथील शेती-संशोधन संस्थेत ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी यशवंत वाड यांच्या साहाय्याने थरांची रचना, ओलावा आणि ठरावीक काळाने ढीग उलटणे यांवर प्रयोग केले व 1931 मध्ये ते ग्रंथरूपाने मांडले. हीच पुढे ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली गेली. पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी भिंतीत झरोके ठेवलेल्या विटांच्या टाक्याची जी रचना केली, ती त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘नाडेप’ या नावाने देशभर पसरली. तिचे वैशिष्ट्य असे की, थोड्या शेणात पुष्कळ काडीकचरा कुजतो आणि ढीग वारंवार उलटावा लागत नाही. शहरी गच्चीपर्यंत हा विचार नेण्याचे श्रेय मुख्यतः कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांच्या ‘प्रयोग परिवार’ या प्रयोगशील शेतकऱ्यांच्या गटाला आणि मुंबईत उसाच्या चिपाडांवर भाजी पिकवून दाखवणारे डॉ. आर. टी. दोशी यांना द्यावे लागते.

शहरात या गोष्टीची निकड भासली ती मात्र बागकामाच्या हौसेतून नव्हे, तर कचरा डेपोंच्या अवस्थेमुळे. मुंबईचे देवनार क्षेपणस्थळ 1927 पासून वापरात आहे आणि जानेवारी 2016 मध्ये तेथे लागलेल्या आगीचा धूर कित्येक दिवस शहरावर राहिला. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे ज्यांच्या शिवारात गेला, त्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांतील लोकांनी कचऱ्याच्या गाड्या वेळोवेळी अडवल्या. ढिगाऱ्यात दबलेल्या ओल्या कचऱ्याला हवा मिळत नाही. तो सडून मिथेन वायू बाहेर पडतो, आणि खाली झिरपणारे काळे पाणी विहिरींपर्यंत पोचते. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घराघरात ओला, सुका आणि घातक कचरा वेगळा करणे बंधनकारक केले व मोठ्या गृहसंकुलांवर ओल्या कचऱ्याची आवारातच विल्हेवाट लावण्याची जबाबदारी टाकली. मुंबई महानगरपालिकेने 2017 मध्ये रोज 100 किलोपेक्षा अधिक कचरा करणाऱ्या सोसायट्यांना तशी सक्ती केली, तर पुणे महानगरपालिका असे प्रकल्प चालवणाऱ्या मिळकतींना करात सवलत देते. सवलतीपुरता बांधलेला आणि पुढे झाकणासकट गंजलेला गांडूळखताचा हौद हेही शहरी सोसायट्यांमधील एक परिचित दृश्य आहे.

कुजण्याची क्रिया चार गोष्टींवर चालते: कार्बन, नायट्रोजन, पाणी आणि हवा. सूक्ष्मजीवांना वजनाने साधारण 25 ते 30 भाग कार्बनमागे एक भाग नायट्रोजन मानवतो. भाजीपाला आणि चहाचा चोथा यांत नायट्रोजन त्या मानाने जास्त, तर वाळकी पाने, नारळाच्या शेंड्या, लाकडाचा भुसा व पुठ्ठा यांत कार्बन कितीतरी अधिक असतो. म्हणून रोजच्या कचऱ्यावर कोरडा थर देणे हा या सगळ्याचा गाभा होय, आणि ज्यांचा प्रयोग फसतो त्यांचा तो बहुतेक वेळा इथेच फसतो. महागडी बादली, विकतचे विरजण (कुजणे सुरू करून देणारे मिश्रण), फवारे हे सगळे दुय्यम आहे. मोठ्या ढिगात उष्णता साठून तापमान 55 ते 65 अंश सेल्सियसपर्यंत चढते व रोगजंतू आणि बिया मरतात. बाल्कनीतील बादली इतकी तापत नाही. तिच्यात काम चालते, पण सावकाश.

प्रत्यक्षात साधारण 20 लिटरच्या जुन्या बादल्यांवर काम भागते. बादलीच्या बुडाला व कडेने भोके पाडतात, खाली ताटली ठेवतात आणि तळाशी नारळाच्या शेंड्यांचा चार बोटे थर देतात. त्यावर मूठभर जुने खत किंवा शेणखत विरजण म्हणून पसरतात. ते नसेल तर आंबट ताक शिंपडूनही चालते. मग रोजचा कचरा बारीक करून टाकायचा आणि तो दिसेनासा होईल इतका पाचोळा वर घालायचा. कचरा टाकण्यापूर्वी एकदा नजरेखालून घालणे बरे, कारण कोथिंबिरीच्या जुडीचे रबर, सफरचंदावरचे स्टिकर आणि दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा हे तिघे हटकून आत जातात आणि चार महिन्यांनी जसेच्या तसे बाहेर येतात. आंब्याची कोय, करवंटी आणि मक्याचे कणीस एका फेरीत कुजत नाहीत. चाळल्यावर ती पुन्हा नव्या बादलीत टाकतात. ओलाव्याची पारख हातानेच होते: मूठभर मिश्रण घट्ट दाबले असता बोटांच्या फटींत एखादा थेंब दिसावा. धार लागली तर पाणी जास्त, आणि मूठ उघडताच सगळे भुसभुशीत सुटले तर कमी. आठवड्यातून दोनदा काठीने खालीवर केले की हवा मिळते. पहिली बादली भरली की ती झाकून बाजूला ठेवतात आणि दुसरी सुरू करतात; पहिलीतील माल दोन-तीन महिन्यांत काळपट, दाणेदार आणि मूळ आकारमानाच्या जेमतेम पाचव्या हिश्शाइतका होतो.

महाराष्ट्राच्या हवामानात या कामाचेही एक ऋतुचक्र आहे. पानगळ होते ती माघ-फाल्गुनात, आणि पाचोळ्याची गरज सर्वाधिक भासते ती आमरसाच्या दिवसांत व त्यापुढच्या पावसाळ्यात, जेव्हा सालींनी बादली चिकट होते आणि कोरडे पान कुठेच मिळत नाही. त्यामुळे उन्हाळ्याच्या तोंडावर पोती भरून पाने साठवणे हा शहाणपणाचा मार्ग. हीच पाने अनेक सोसायट्यांच्या कोपऱ्यात त्याच सुमारास जाळली जातात. पुण्यातील ‘ब्राऊन लीफ’ या उपक्रमाने ज्यांच्याकडे पाने अधिक आहेत आणि ज्यांना ती हवी आहेत, त्यांची गाठ घालून देण्याची सोपी व्यवस्था केली. पाने नसतील तर कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा चालतो; मात्र घरात रद्दी व पुठ्ठा असताना कोकोपीट विकत आणणे हे थोडे उफराटेच म्हणावे लागेल.

दुर्गंधी, चिलटे आणि अळ्या या तीन तक्रारी नेहमीच्या होत. कुजक्या अंड्यासारखा वास हवा न पोचल्याचा, तर नाकात झोंबणारा अमोनियाचा वास नायट्रोजन वाढल्याचा निदर्शक असतो. दोहोंवर उपाय एकच, कोरडा माल मिसळून ढवळणे. चिलटे उघड्या फळसालींवर येतात. मळकट पांढऱ्या, जाड अळ्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असतात. त्या खरकटे झपाट्याने संपवतात आणि घरमाशीसारखा रोगप्रसार करत नाहीत. तरीही घरातील ज्येष्ठांची समजूत घालण्यास ही माहिती क्वचितच पुरते, आणि त्या वेळी पाचोळ्याचा जाड थर देणे हेच व्यवहार्य ठरते. मासळी, हाडे आणि तेलकट रस्से बादलीत टाकू नयेत, कारण उंदीर आणि घुशी त्यांच्याच वासाने येतात.

गांडुळांच्या साहाय्याने केलेले खत अधिक बारीक व कसदार असते. त्यासाठी ‘आयसेनिया फेटिडा’ ही जात वापरतात. तिला उन्हाची झळ, लिंबूवर्गीय साली आणि मीठ सोसत नाही, म्हणून नवख्याने तेथून सुरुवात करू नये. विजेवर चालणारी घरगुती यंत्रे काही तासांत कचरा वाळवून त्याचा चुरा करतात; तो चुरा म्हणजे खत नव्हे, कारण मातीत मिसळून ओला झाला की त्याचे कुजणे नव्याने सुरू होते. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली खरकट्यावर चालणारे छोटे बायोगॅस संयंत्र विकसित केले. शिळे अन्न व भाताची पेज यांसाठी ते बादलीपेक्षा सोयीचे, पण त्याला उन्हाची मोकळी जागा लागते.

तयार खत चाळून कुंडीतील मातीत साधारण चौथ्या हिश्शाइतके मिसळतात. त्यात नायट्रोजनचे प्रमाण थोडेच असते. त्याचा खरा उपयोग माती भुसभुशीत करणे आणि पाणी धरून ठेवणे हा आहे. बादली फारशी तापत नसल्याने टोमॅटो, मिरची आणि भोपळ्याच्या बिया त्यात तग धरतात आणि गुलाबाच्या कुंडीत न मागता उगवतात. कुंड्या नसलेल्या घरांत हे खत सोसायटीच्या झाडांना किंवा रस्त्याकडेच्या आळ्यांना घालतात. जेथे बादली ठेवण्याइतकीही जागा नाही, तेथे ओला कचरा वेगळा बांधून सफाई कामगाराच्या हाती देणे एवढेच करता येते, आणि पुण्यात ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेच्या कचरावेचक महिलांच्या दृष्टीने तेही कमी नाही: मिसळलेली पिशवी उघडून हाताने निवडण्याचे काम त्यांच्यावर येत नाही, आणि सुक्या मालाला भंगारवाल्याकडे भाव बरा मिळतो.