ब्रेटन वुड्स परिषद

दुसरे महायुद्ध संपल्यावर देशोदेशींच्या चलनांचे परस्परांशी नाते काय असावे आणि उद्ध्वस्त देशांच्या उभारणीसाठी पैसा कुठून यावा, हे ठरवण्यासाठी १ ते २२ जुलै १९४४ या काळात अमेरिकेत भरलेली परिषद. न्यू हॅम्पशायर राज्यातील ब्रेटन वुड्स या डोंगराळ ठिकाणी, माउंट वॉशिंग्टन हॉटेलात, ४४ देशांचे सुमारे ७३० प्रतिनिधी जमले होते. ‘संयुक्त राष्ट्रांची चलन व वित्त परिषद’ हे तिचे अधिकृत नाव मागे पडले आणि गावाचे नावच रूढ झाले. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि पुनर्रचना व विकासाची आंतरराष्ट्रीय बँक (आजच्या जागतिक बँक समूहाची मूळ संस्था) या दोन संस्थांचे करारनामे येथे तयार झाले. येथून निघालेली स्थिर विनिमय दरांची व्यवस्था १९७१ मध्ये कोलमडली. संस्था मात्र टिकल्या, आणि त्यांच्यात मतांची ताकद कोणाकडे असावी याविषयीचा वादही टिकला.

पार्श्वभूमी

पहिल्या महायुद्धापूर्वीचे सुवर्ण परिमाण (चलनाची किंमत ठरलेल्या सोन्याशी बांधण्याची पद्धत) युद्धानंतर पुन्हा बसवण्याचा प्रयत्न झाला, पण १९२९ च्या मंदीपुढे तो टिकला नाही. ब्रिटनने १९३१ मध्ये सोन्याशी असलेला दुवा तोडला. अमेरिकेने १९३४ मध्ये सोन्याचा भाव औंसाला २०.६७ डॉलरवरून ३५ डॉलरवर नेला. आपला माल बाहेर स्वस्त पडावा म्हणून एकाने अवमूल्यन करायचे, शेजाऱ्याने त्याला उत्तर म्हणून जकात वाढवायची, असा तो काळ होता. १९३३ ची लंडन परिषद या प्रश्नावर काहीही न ठरवता उठली. चलन आणि व्यापार यांतल्या या चढाओढीने मंदी लांबली आणि राजकारणही बिघडले, असे १९४० च्या सुमारास वॉशिंग्टन आणि लंडन या दोन्ही ठिकाणचे अर्थतज्ज्ञ मानू लागले होते. म्हणूनच नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरून महिनाही झाला नव्हता, तोच ही परिषद भरली.

ठिकाण निवडण्यामागची कारणे साधी होती. ब्रिटिश शिष्टमंडळाचे प्रमुख जॉन मेनार्ड केन्स यांचे हृदय अधू होते. जुलैच्या उन्हाळ्यात आपल्याला वॉशिंग्टनमध्ये डांबू नका, अशी विनंती त्यांनी आधीच केली होती. शिवाय न्यू हॅम्पशायरचे सिनेटर रिपब्लिकन पक्षाचे होते, आणि करार सिनेटमधून मंजूर करून घ्यायचा तर त्या पक्षाची मते लागणारच होती.

दोन योजना

परिषदेसमोर आलेला मसुदा दोन योजनांच्या झटापटीतून घडला होता. केन्स यांची योजना आंतरराष्ट्रीय समाशोधन संघाची होती. ‘बँकोर’ नावाच्या हिशोबी चलनात देशांची देणीघेणी मांडायची. ज्याच्यावर देणे साचेल त्याच्यावर दडपण यावे, तसेच ज्याच्याकडे येणे साचत राहील त्यानेही दंड भरावा. या योजनेचे मर्म दुसऱ्या अटीत होते. तूट ही एकट्या ऋणकोची चूक नसते, आपला माल विकत राहून दुसऱ्याचा न घेणारा धनकोही तिला जबाबदार असतो, असे केन्स यांचे म्हणणे होते. ब्रिटन तेव्हा कर्जबाजारी झाला होता, हे लक्षात घेतले तर ही न्यायबुद्धी सोयीचीही होती.

अमेरिकी अर्थखात्यातील हॅरी डेक्स्टर व्हाइट यांची योजना स्थिरीकरण निधीची होती. प्रत्येक सदस्याने ठरलेला हिस्सा सोने आणि स्वतःच्या चलनात भरायचा. अडचणीच्या वेळी त्या निधीतून दुसऱ्याचे चलन विकत घ्यायचे. आणि मते हिश्शाच्या प्रमाणात. जगातील बहुतांश सोने तेव्हा अमेरिकेकडे होते. त्यामुळे कोणती योजना पुढे जाणार, हे उघडच होते. एप्रिल १९४४ मध्ये तज्ज्ञांचे जे संयुक्त निवेदन निघाले, त्याचा सांगाडा व्हाइट यांचाच होता.

परिषदेचे अध्यक्षपद अमेरिकेचे अर्थमंत्री हेन्री मॉर्गेंथो यांच्याकडे होते. कामाची वाटणी तीन आयोगांत झाली. नाणेनिधीचा आयोग व्हाइट यांनी स्वतःकडे ठेवला आणि बँकेचा केन्स यांच्याकडे दिला. सन्मान दिल्यासारखाही झाला आणि निधीच्या कलमांपासून केन्स दूरही राहिले. तिसरा, किरकोळ विषयांचा आयोग मेक्सिकोचे एदुआर्दो सुआरेझ यांच्याकडे गेला. मसुदे लिहिणारी यंत्रणा अमेरिकी होती. संपूर्ण करारनामा सलग वाचायला मिळण्याआधीच आपण सही केली, हे केन्स यांनी नंतर मान्य केले.

डॉलरला सोन्याच्या बरोबरीने बसवणारा शब्दप्रयोग करारात कसा शिरला, हा या परिषदेतील सर्वांत बोलका प्रसंग म्हणावा लागेल. मसुद्यात ‘सोन्यात परिवर्तनीय चलन’ असा मोघम उल्लेख होता. म्हणजे नेमके कोणते चलन, ते अमेरिकेने आता सांगावे, असे भारतीय प्रतिनिधीने आयोगाच्या बैठकीत विचारले. त्यावर ब्रिटनच्या डेनिस रॉबर्टसन यांनी, सदस्यांच्या वर्गणीपुरते ‘सोने आणि अमेरिकी डॉलर’ असे म्हणावे, ही सूचना केली. व्हाइट यांना तेच हवे होते. हिशोबाची सोय म्हणून पुढे आलेल्या या दुरुस्तीचा त्यांच्या सहकाऱ्यांनी पुरता उपयोग करून घेतला.

भारतीय शिष्टमंडळ

भारत तेव्हा स्वतंत्र नव्हता, तरी त्याला वेगळे शिष्टमंडळ पाठवता आले. नेते होते व्हाइसरॉयच्या मंडळातील अर्थसदस्य जेरेमी रेझमन, आणि आर्थिक सल्लागार थिओडोर ग्रेगरी त्यांच्यासोबत होते. भारतीय सदस्यांत रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुख, आर. के. षण्मुखम चेट्टी आणि मुंबईचे अर्थतज्ज्ञ ए. डी. श्रॉफ हे प्रमुख होते. श्रॉफ हे भारताच्या आर्थिक विकासाचा आराखडा मांडणाऱ्या, त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘मुंबई योजने’च्या कर्त्यांपैकी एक. देशमुख मूळचे कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यातले. महाडजवळच्या नाते येथे १८९६ मध्ये जन्मलेले, जगन्नाथ शंकरशेट संस्कृत शिष्यवृत्तीचे मानकरी आणि १९४३ पासून रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर.

त्यांच्यासमोरचा प्रश्न विलक्षण होता. युद्धकाळात ब्रिटनने भारतातून सैन्यासाठी कापड, धान्य, सामग्री उचलली आणि मोबदला म्हणून लंडनमध्ये पौंडांची नोंद केली. त्या नोंदीच्या आधारावर रिझर्व्ह बँकेने येथे रुपयाच्या नोटा छापल्या. नोटा वाढल्या, माल घटला, भाव भडकले. बंगालचा १९४३ चा दुष्काळ याच वर्षांतला. युद्ध संपेपर्यंत ही स्टर्लिंग शिल्लक सुमारे १३० कोटी पौंडांवर गेली. एकेकाळी लंडनचा ऋणको असलेला भारत आता ब्रिटनचा मोठा धनको झाला होता, पण ते पौंड हवे तिथे खर्च करण्याची मुभा त्याला नव्हती. बँकेत लाखो डॉलर आहेत, पण टॅक्सीचे भाडे द्यायला खिशात सुटे नाहीत, अशा माणसासारखी आमची गत आहे, अशा आशयाची तक्रार श्रॉफ यांनी परिषदेत मांडली.

या शिलकीचा काही भाग तरी नाणेनिधीमार्फत डॉलरमध्ये बदलून मिळावा, ही भारताची मागणी होती, आणि इजिप्तचीही. ब्रिटन आणि अमेरिका दोघांनीही ती नाकारली. हा आमचा आणि संबंधित देशांचा आपसातला हिशोब आहे, तो आम्ही प्रामाणिकपणे मिटवू, असे केन्स म्हणाले. येणेकऱ्याला जबाबदार धरणारी योजना मांडणारे केन्स देणेकऱ्याच्या बाजूने बोलताना अटी ठरवण्याचा हक्क स्वतःकडे ठेवत होते. ज्यांनी ऐन तारुण्यात इंडिया ऑफिसमध्ये काम केले आणि पहिले पुस्तकच भारतीय चलनावर लिहिले, त्यांना हा प्रश्न समजत नव्हता असे म्हणता येणार नाही.

दुसरी मागणी होती ती उद्दिष्टांत आर्थिकदृष्ट्या मागास देशांच्या साधनसंपत्तीचा स्पष्ट उल्लेख करण्याची. तो उल्लेख झाला नाही. ‘सर्व सदस्यांच्या उत्पादक साधनांचा विकास’ एवढेच शब्द निधीच्या करारात पडले. ‘सर्व’ म्हटले की कोणालाच वेगळे काही द्यावे लागत नाही.

हिश्शांच्या वाटपात भारताने बरीच घासाघीस केली. निधीचे एकूण हिस्से ८८० कोटी डॉलरचे ठरले: अमेरिका २७५, ब्रिटन १३०, सोव्हिएत संघ १२०, चीन ५५, फ्रान्स ४५ आणि भारत ४० कोटी. पहिल्या पाच देशांना कार्यकारी संचालक नेमण्याचा हक्क होता, म्हणजे भारताची जागा थोडक्यात हुकली होती. पण सोव्हिएत संघाने सही करूनही करार मंजूर केला नाही, आणि पाचवी खुर्ची आपोआप भारताकडे आली. ती पुढे सुमारे दोन दशके भारताकडेच होती. देशमुख पुढे अर्थमंत्री झाले आणि दोन्ही संस्थांच्या गव्हर्नर मंडळांच्या १९५० च्या पॅरिस येथील संयुक्त वार्षिक सभेचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले.

व्यवस्था आणि तिचा शेवट

करार २७ डिसेंबर १९४५ रोजी अमलात आले. मार्च १९४६ मध्ये जॉर्जियातील सवाना येथे पहिली सभा झाली आणि दोन्ही कचेऱ्या वॉशिंग्टनलाच असतील, हे अमेरिकेने मान्य करून घेतले. केन्स यांचा विरोध होता; त्यानंतर काही आठवड्यांतच, २१ एप्रिलला, ते वारले. व्हाइट यांचा शेवट अधिक उदास झाला. सोव्हिएत हेरांना माहिती पुरवल्याच्या आरोपावर अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे साक्ष दिल्यानंतर तीनच दिवसांनी, ऑगस्ट १९४८ मध्ये, हृदयविकाराने त्यांचा मृत्यू झाला.

व्यवस्थेचा गाभा थोडक्यात असा: डॉलरची किंमत सोन्यात, औंसाला ३५ डॉलर, इतर चलनांची किंमत डॉलरमध्ये, आणि त्या दरात वरखाली एक टक्क्यापर्यंतच फरक चाले. मूलभूत असमतोल असेल तर निधीच्या संमतीने दर बदलता येई. ब्रिटनने सप्टेंबर १९४९ मध्ये पौंड ४.०३ वरून २.८० डॉलरवर आणला, त्याच्यामागे रुपयाही गेला आणि डॉलरचा भाव ३.३० रुपयांवरून ४.७६ रुपयांवर पोहोचला. युरोपीय चलने खऱ्या अर्थाने परिवर्तनीय, म्हणजे दुसऱ्या चलनात मोकळेपणे बदलता येणारी, व्हायला १९५८ उजाडले.

बेल्जियन-अमेरिकी अर्थतज्ज्ञ रॉबर्ट ट्रिफिन यांनी १९६० च्या सुमारास या रचनेतला पेच दाखवून दिला. जगाला व्यापारासाठी डॉलर हवेत, म्हणून अमेरिकेने ते बाहेर सोडत राहिले पाहिजे. पण जितके डॉलर बाहेर जातील, तितका त्यांच्यामागच्या सोन्यावरचा विश्वास कमी होणार. फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी १९६५ मध्ये डॉलरच्या या विशेषाधिकारावर जाहीर टीका केली आणि फ्रान्सने डॉलर देऊन सोने नेण्याचा सपाटा लावला. व्हिएतनाम युद्धाचा खर्च वाढत होताच. १५ ऑगस्ट १९७१ रोजी अध्यक्ष निक्सन यांनी डॉलरच्या बदल्यात सोने देणे थांबवले. डिसेंबरमध्ये वॉशिंग्टन येथे नवे दर ठरले, तेही फार दिवस टिकले नाहीत. १९७३ पासून प्रमुख चलने तरंगती झाली, म्हणजे त्यांचे दर बाजार ठरवू लागला, आणि १९७८ च्या करारदुरुस्तीने त्या स्थितीवर कायद्याचा शिक्का बसला.

संस्था आणि भारत

ठरलेले दर सांभाळण्याचे काम संपल्यावर नाणेनिधी संकटातल्या देशांना अटींवर कर्ज देणारी संस्था म्हणून उरला. भारताने १९८१ मध्ये निधीकडून ५०० कोटी विशेष आहरण अधिकारांचे (निधीच्या स्वतःच्या हिशोबी एककाचे) कर्ज मंजूर करून घेतले. ते तोवरचे निधीचे सर्वांत मोठे कर्ज होते. त्यातील ११० कोटी न उचलताच १९८४ मध्ये व्यवहार बंद केला गेला. १९९१ ची वेळ निराळी होती. परकीय चलनाचा साठा आटला होता, आणि रिझर्व्ह बँकेने जवळजवळ ४७ टन सोने तारण म्हणून बँक ऑफ इंग्लंडकडे धाडले. युद्धानंतर ज्या लंडनमध्ये भारताचे येणे अडकून पडले होते, तिथेच आता तारण गेले. त्या वर्षीच्या अवमूल्यनाचा आणि उदारीकरणाचा निधीच्या अटींशी संबंध होता. धोरण किती आपले आणि किती लादलेले, यावर आजही एकमत नाही.

जागतिक बँकेने भारताला पहिले कर्ज १९४९ मध्ये रेल्वेसाठी दिले. महाराष्ट्राशी तिचा सर्वांत गाजलेला संबंध मात्र नर्मदेच्या काठावर आला. सरदार सरोवरासाठी तिने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलर मंजूर केले. धरणामुळे अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेलीसह आदिवासी गावे पाण्याखाली जाणार होती. नर्मदा बचाव आंदोलनाच्या दडपणामुळे बँकेला ब्रॅडफोर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र चौकशी नेमावी लागली. पुनर्वसनाच्या आणि पर्यावरणाच्या नियमांकडे दुर्लक्ष झाल्याचा निष्कर्ष तिने १९९२ मध्ये काढला. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेले कर्ज नाकारले. त्याच वर्षी बँकेने बाधित लोकांच्या तक्रारी ऐकणारे तपासणी मंडळ स्थापन केले. जगभरच्या धरणग्रस्तांना आज बँकेच्या दारात जी दाद मागता येते, तिच्यामागे मणिबेलीसारख्या गावांचा लढा आहे.

मतांची वाटणी

निधीत मोठ्या निर्णयांना ८५ टक्के मते लागतात आणि अमेरिकेकडे साधारण साडेसोळा टक्के आहेत. म्हणजे एकट्या अमेरिकेला कोणतीही मोठी दुरुस्ती अडवता येते. हिश्शांची २०१० मध्ये ठरलेली फेरवाटणी अमेरिकी काँग्रेसच्या संमतीसाठी रखडली आणि २०१६ मध्ये अमलात आली. तोपर्यंत ब्राझील, रशिया, भारत, चीन आणि दक्षिण आफ्रिका यांनी आपली स्वतंत्र विकास बँक काढली होती. २०१४ मध्ये फोर्टालेझा येथे ठरलेल्या या बँकेत पाचही संस्थापकांना समान मते आहेत. कचेरी शांघायला, तर पहिले अध्यक्ष भारताचे के. व्ही. कामत.

प्रमुखांच्या निवडीचा संकेत कोणत्याही करारात लिहिलेला नाही, तरी तो १९४६ पासून पाळला जातो: निधीचा व्यवस्थापकीय संचालक युरोपीय, बँकेचा अध्यक्ष अमेरिकी. बेल्जियमचे कामी गुट यांच्यापासून बल्गेरियाच्या क्रिस्तालिना जॉर्जिएवा यांच्यापर्यंत निधीत त्याला अपवाद झालेला नाही. जून २०२३ पासून बँकेचे अध्यक्ष असलेले अजय बंगा यांचा जन्म पुण्यातल्या खडकीचा. पण त्यांचे नाव पुढे केले ते अमेरिकेच्या अध्यक्षांनी, आणि बंगा तोवर अमेरिकी नागरिक झालेले होते.