लायसन्स मास्टरचे, नेमणूक सेकंड ऑफिसरची: डेक ऑफिसरचे सक्षमता प्रमाणपत्र आणि जहाजावरचा हुद्दा

मास्टरचे, म्हणजे जहाजाच्या कप्तानाचे, लायसन्स मिळवलेला अधिकारी त्याहून दोन पायऱ्या खालचा सेकंड ऑफिसर म्हणून जहाजावर रुजू होतो, यात नियमबाह्य काही नाही आणि कमीपणाचेही काही नाही. व्यापारी जहाजांवर ही रोजची गोष्ट आहे. तरीही या व्यवसायात येऊ पाहणारे तरुण आणि त्यांचे पालक लायसन्स आणि हुद्दा या दोन गोष्टी एकच धरून चालतात. परीक्षा उत्तीर्ण झाली की बढती झाली, असा त्यांचा समज असतो आणि मग पुढच्या पाच-सात वर्षांचे गणित चुकते. लायसन्स, म्हणजेच सक्षमता प्रमाणपत्र, सरकारची सागरी यंत्रणा देते. त्यातून तुम्ही कोणते काम करण्यास पात्र आहात एवढेच ठरते. हुद्दा जहाजाची कंपनी देते, आणि तो त्या जहाजावरच्या त्या नोकरीच्या करारापुरता असतो.

लायसन्सची चौकट जगभर बहुतांशी सारखी आहे, कारण ती ‘एसटीसीडब्ल्यू’ या, खलाशांचे प्रशिक्षण, प्रमाणपत्रे आणि वॉच यांचे निकष ठरवणाऱ्या, आंतरराष्ट्रीय करारातून आली आहे. हा करार 1978 साली स्वीकारला गेला, 1984 मध्ये अमलात आला, 1995 मध्ये त्यात मोठे फेरबदल झाले आणि 2010 च्या मनिला दुरुस्त्या 1 जानेवारी 2012 पासून लागू झाल्या. 500 ग्रॉस टन (जहाजाच्या आतील एकूण आकारमानाचे माप) किंवा त्याहून मोठ्या जहाजांवरील डेक ऑफिसरसाठी, म्हणजे जहाज चालवणाऱ्या आणि माल सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी, त्यात तीन पायऱ्या आहेत: नौकानयन वॉचचा (ठरलेल्या तासांच्या पाळीचा) अधिकारी, चीफ मेट आणि मास्टर. पहिल्या पायरीसाठी वय किमान 18 वर्षे लागते. मान्यताप्राप्त प्रशिक्षणक्रमाचा भाग म्हणून, प्रशिक्षण नोंदवहीसह, किमान 12 महिन्यांची सागरी सेवा लागते. असा प्रशिक्षणक्रम नसेल तर 36 महिने लागतात. शिवाय या काळात किमान सहा महिने ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षात, मास्टरच्या किंवा पात्र अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली, वॉचचे काम केलेले असावे लागते.

येथे नावांचा गोंधळ सुरू होतो. कराराने तीनच पायऱ्या ठेवल्या आहेत, पण जहाजावर डेक ऑफिसरचे हुद्दे साधारणपणे चार असतात: थर्ड ऑफिसर, सेकंड ऑफिसर, चीफ ऑफिसर (म्हणजेच चीफ मेट) आणि मास्टर. थर्ड आणि सेकंड हे दोघेही कराराच्या दृष्टीने एकाच, पहिल्या पायरीच्या प्रमाणपत्रावर काम करतात. भारतात या पहिल्या प्रमाणपत्राचे नाव ‘सेकंड मेट’ असे आहे, आणि ते मिळवलेला उमेदवार सहसा थर्ड ऑफिसर म्हणून रुजू होतो. अमेरिकेत मात्र थर्ड मेट आणि सेकंड मेट अशी दोन वेगळी प्रमाणपत्रे दिली जातात. नाव वाचून हुद्दा ठरवणे किती फसवे आहे, हे एवढ्यावरूनच कळते.

प्रमाणपत्र हातात घेऊन नीट पाहावे. त्यावर, किंवा त्याला जोडलेल्या पृष्ठांकनावर (अधिकृत नोंदीवर), दोन तक्ते असतात. एकात कार्य, त्याची पातळी आणि मर्यादा लिहिलेल्या असतात. नौकानयन, मालाची हाताळणी, जहाजाचे परिचालन आणि जहाजावरील माणसांची काळजी ही कार्ये, आणि त्यांची पातळी परिचालनाची (वॉचच्या अधिकाऱ्याची) की व्यवस्थापनाची (चीफ मेट आणि मास्टरची), हे तेथे दिसते. दुसऱ्यात कोणत्या पदावर काम करता येईल आणि कोणत्या अटीवर, हे असते. मर्यादेचा रकाना बहुतेक जण वाचतच नाहीत. ईसीडीआयएस, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नकाशा प्रणालीचे प्रशिक्षण झालेले नसेल, तर तशी मर्यादा तेथे लिहिली जाते आणि त्या प्रणालीवर चालणाऱ्या जहाजावर तो अधिकारी वॉचसाठी चालत नाही. आज मोठ्या जहाजांवर ही प्रणाली सर्रास असते, म्हणून ती एक ओळ अनेक दारे बंद करते.

पुढच्या पायऱ्यांचे गणित लायसन्सच्या बाजूने पाहिले तर आश्चर्य वाटावे इतके सैल आहे. 3000 ग्रॉस टन आणि त्यावरील जहाजांसाठी चीफ मेटचे प्रमाणपत्र घ्यायला वॉचचा अधिकारी म्हणून किमान 12 महिने पुरतात. मास्टरच्या प्रमाणपत्राला 36 महिने लागतात, आणि त्यांतील किमान 12 महिने चीफ मेट म्हणून केलेले असतील तर 24 महिन्यांवरही भागते. म्हणजे कराराच्या किमान अटीनुसार, चीफ मेटच्या हुद्द्यावर एकही दिवस न काढता, 36 महिन्यांच्या वॉचच्या सेवेवर मास्टरच्या परीक्षेला बसता येते. काही देश स्वतःच्या नियमांत यापेक्षा जास्त मागतात. पण असे लायसन्स घेतलेला माणूस लगेच जहाजाचा मास्टर होतो, असे मात्र कोणी समजू नये.

कारण हुद्द्याचा हिशेब वेगळ्या गोष्टींवर चालतो. थर्ड ऑफिसर रूढीने सकाळी आणि रात्री आठ ते बाराची वॉच करतो आणि जीवरक्षक व अग्निशमन साधने सांभाळतो. बारा ते चारची वॉच करणारा सेकंड ऑफिसर सफरीचा मार्ग आखतो आणि नकाशे अद्ययावत ठेवतो. चीफ ऑफिसरकडे माल, जहाजाचा समतोल आणि डेकवरील माणसांचे काम असते, आणि मास्टर काम करू शकला नाही तर जहाजाचा ताबा त्याच्याकडेच जातो. एखाद्याला चीफ ऑफिसरच्या हुद्द्यावर बसवण्यापूर्वी कंपनी त्याने कोणत्या प्रकारच्या जहाजावर किती काळ काढला, आपल्याकडे किती काळ आहे आणि मास्टरचे त्याच्याविषयीचे अहवाल काय सांगतात, हे पाहते. पगारही बहुतेक ठिकाणी हुद्द्यावर ठरतो. वरचे लायसन्स असले तरी सेकंड ऑफिसरला सेकंड ऑफिसरचाच पगार मिळतो.

टँकरवर, म्हणजे तेल, रसायने किंवा वायू वाहणाऱ्या जहाजावर, लायसन्स आणि हुद्दा यांतली ही दरी सर्वांत ठळक दिसते. टँकरवर मालाची थेट जबाबदारी घ्यायची तर त्या मालाच्या प्रकारानुसार वेगळे प्रगत प्रशिक्षण लागते, आणि त्यासाठी टँकरवर तीन महिन्यांची सेवा असावी लागते, किंवा जादा अधिकारी म्हणून किमान एक महिना राहून तीन वेळा माल भरणे आणि तीन वेळा उतरवणे पूर्ण करावे लागते. त्यावर तेलकंपन्या जहाज भाड्याने घेण्यापूर्वी अधिकाऱ्यांचा कंपनीतला, हुद्द्यावरचा आणि टँकरवरचा एकत्रित अनुभव तपासतात. त्यामुळे बल्क कॅरियरवर (धान्य, कोळसा असा सुटा माल वाहणाऱ्या जहाजावर) वर्षे काढलेल्या, मास्टरचे लायसन्स असलेल्या माणसाला टँकरची कंपनी थेट चीफ ऑफिसर म्हणून घेत नाही. यात कोणाचा अपमान नाही. माल धोक्याचा आहे.

हुद्दा लायसन्सच्या पुढे जाणे मात्र जवळजवळ अशक्य असते, आणि ते योग्यच आहे. योग्य प्रमाणपत्र नसलेला अधिकारी कामावर आढळला तर बंदरातील तपासणीत जहाज अडकू शकते. अत्यंत निकडीच्या वेळी, खालच्या पदाचे प्रमाणपत्र असलेल्याला सहा महिन्यांपर्यंतची सवलत देता येते. मास्टरच्या पदासाठी तर ती केवळ अपरिहार्य परिस्थितीत आणि शक्य तितक्या थोड्या काळासाठी मिळते. लायसन्सही कायमचे नसते. दर पाच वर्षांनी त्याचे नूतनीकरण करावे लागते, आणि त्यासाठी त्या पाच वर्षांत किमान 12 महिने किंवा लगतच्या सहा महिन्यांत तीन महिने सागरी सेवा दाखवणे हा सर्वांत सरळ मार्ग आहे. जहाज दुसऱ्या देशाच्या ध्वजाखाली असेल तर त्या देशाचे मान्यता-पृष्ठांकनही हवे.

संधींविषयीचे आकडेही याच भेदाने वाचावेत. बिम्को आणि इंटरनॅशनल चेंबर ऑफ शिपिंग या जहाज उद्योगाच्या संघटनांच्या 2021 च्या अहवालाने जगात 26,240 प्रमाणित अधिकाऱ्यांची कमतरता सांगितली आणि 2026 पर्यंत आणखी 89,510 अधिकारी लागतील असा अंदाज दिला. नव्या उमेदवाराला यावरून जागा वाट पाहत असल्यासारखे वाटते. परंतु त्याच अहवालात, टँकर आणि ऑफशोअर (समुद्रातील तेल-वायूच्या कामांच्या) क्षेत्रांत डेकच्या बाजूने चणचण भासते ती व्यवस्थापन पातळीवरील अधिकाऱ्यांची, असे म्हटले आहे. पहिले लायसन्स घेतलेल्याला पहिली नेमणूक मिळवायला त्यामुळेच वाट पाहावी लागू शकते, आणि कॅडेट (प्रशिक्षणार्थी) म्हणून घेतानाच पुढे थर्ड ऑफिसर करून घेणारी कंपनी निवडणे हे मला परीक्षेतील गुणांपेक्षा महत्त्वाचे वाटते.

जहाज सोडताना मिळणारे सेवेचे प्रमाणपत्र त्याच जागी तपासून घ्यावे: प्रत्यक्ष केलेला हुद्दा, ग्रॉस टनेज, साइन ऑन आणि साइन ऑफच्या (जहाजावर रुजू होण्याच्या आणि जहाज सोडण्याच्या) तारखा, आणि ब्रिजवर वॉच केल्याचा स्पष्ट उल्लेख. पुढच्या लायसन्ससाठी यंत्रणा ही सेवा मोजते, पुढच्या हुद्द्यासाठी कंपनीही तीच मोजते, आणि मास्टर दुसऱ्या जहाजावर गेल्यानंतर राहून गेलेली एक ओळ लिहून घेणे फार कठीण जाते.