बाप कोण आणि आईचा बाप कोण: सेक्रेटेरिअटचं रक्त कुठून उतरलं

सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोडा पाहणारा देवमण (शुभ मानला जाणारा भोवरा) बघतो, पांढरे पाय मोजतो आणि विचारतो, ‘बाप कोणता?’ रेसच्या थरोब्रेड जातीच्या घोड्याची वंशावळ वाचताना एवढं पुरत नाही. बाप आणि आईचा बाप यांची गल्लत झाली की मोठ्या घोड्यावरही अन्याय होतो. अमेरिकेच्या सेक्रेटेरिअट या घोड्यावर तो झालाच.

त्याची धावण्याची कारकीर्द निर्विवाद आहे. २१ शर्यती, १६ विजय. १९७३ मध्ये अमेरिकेची ट्रिपल क्राउन, म्हणजे एकाच वर्षी तीन ठरलेल्या मोठ्या शर्यती. त्यातली दीड मैलाची बेलमाँट त्याने २ मिनिटं २४ सेकंदांत, ३१ लेंग्थने (घोड्याच्या लांबीच्या ३१ पट अंतराने) जिंकली. मातीच्या ट्रॅकवर या अंतराची ती वेळ आजही मोडलेली नाही.

पैदाशीला लावल्यावर मात्र ‘हा बाप म्हणून फसला’ असं बोललं गेलं. लेडीज सीक्रेट ही १९८६ ची हॉर्स ऑफ द इयर आणि १९८८ ची प्रीकनेस-बेलमाँट जिंकणारा रायझन स्टार ही त्याचीच पोरं. तरी मुलांकडून त्याचा वंश फारसा पुढे गेला नाही, हे खरं.

गेला तो मुलींकडून. टर्लिंग्वाच्या पोटी स्टॉर्म कॅट झाला, वीकेंड सरप्राइजच्या पोटी ए. पी. इंडी. दोघेही पुढे अमेरिकेत पैदाशीचे अव्वल घोडे ठरले. १९९२ मध्ये सेक्रेटेरिअट स्वतः ‘आईचा बाप’ या यादीत पहिला होता.

वंशावळीच्या तक्त्यात वरचा अर्धा भाग बापाचा, खालचा आईचा. आजी-आजोबांच्या रकान्यात वरून तिसरं नाव आईच्या बापाचं. एका ओळीत लिहिलं तर असं: सिॲटल स्ल्यू – वीकेंड सरप्राइज (सेक्रेटेरिअट). ही ए. पी. इंडीची ओळ: आधी बाप, मग आई, कंसात आईचा बाप. कंसातलं नाव बापाचं समजलं की सगळं उलटं होतं. शिंगरात बापाचा वाटा निम्मा, आईच्या बापाचा सरासरी पाव. म्हणून ‘सेक्रेटेरिअटचं रक्त आहे’ असं कुणी म्हटलं, तर कोणत्या बाजूने आणि कितव्या पिढीत, हे आधी विचारावं.

भावंडांचा नियमही इथे आईवरच चालतो. पैदाशीचा घोडा एका हंगामात शंभरावर घोड्या भरू शकतो, घोडी अकरा महिने गाभण राहून वर्षाला एकच शिंगरू देते. त्यामुळे फक्त बाप एक असला तर रेसवाले त्यांना सावत्र भाऊ म्हणत नाहीत. सर गेलॉर्ड सेक्रेटेरिअटचा सावत्र भाऊ ठरतो, कारण दोघांची आई समथिंगरॉयल. सेक्रेटेरिअटचा बाप बोल्ड रूलर, पण त्याची इतर पोरं सेक्रेटेरिअटचे भाऊ धरत नाहीत.