‘अ ख्रिसमस कॅरल’मधील लोभ आणि कडवटपणा

चार्ल्स डिकन्स यांची ‘अ ख्रिसमस कॅरल’ ही नाताळची कथा लंडनमध्ये १९ डिसेंबर १८४३ रोजी प्रसिद्ध झाली. पहिल्या आवृत्तीच्या ६,००० प्रती नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत संपल्या. तिचा नायक एबेनेझर स्क्रूज हा लंडनमधला पेढीवाला. नाताळच्या आदल्या रात्री भुते येऊन त्याला त्याचा भूतकाळ, वर्तमान आणि भविष्य दाखवतात आणि तो बदलतो. त्याचे नाव पुढे इंग्रजीत कंजूष माणसासाठी सामान्यनाम होऊन बसले.

डिकन्स स्क्रूजचा स्वभाव थंडीतून रंगवतात. ऊब त्याला लागत नाही, हिवाळा त्याला झोंबत नाही. गारठा त्याच्या आतच आहे. कारकून बॉब क्रॅचिटच्या शेगडीत एखादाच निखारा धुगधुगतो, कारण कोळशाची पेटी मालकाच्या खोलीत असते. बॉबचा पगार आठवड्याला १५ शिलिंग.

स्क्रूज नुसता ‘लोभी’ म्हणून भागत नाही, कारण पैशाचा उपभोग तो कधी घेतच नाही. अंधार स्वस्त पडतो म्हणून त्याला अंधार आवडतो. घरी तो पातळ पेज पिऊन निजतो. या लोभाचे मूळ भीतीत आहे, आणि ते उघडे करणारा, त्याची एके काळची वाग्दत्त वधू बेल हिचा प्रसंग कथेतला सर्वांत महत्त्वाचा मानायला हवा. ठरलेले लग्न मोडताना ती त्याला सांगते की तू जगाला फार भितोस. माझ्या जागी तू सोन्याची मूर्ती बसवलीस. त्याच बोलण्यात तरुण स्क्रूजने तक्रार केलेली असते : जग गरिबीशी जितके निष्ठुर वागते तितके दुसऱ्या कशाशीच वागत नाही, आणि पैशामागे लागलेल्यालाही तेच नावे ठेवते. ही तक्रार खोटी नाही. डिकन्सचे वडील १८२४ मध्ये कर्जापायी मार्शलसी तुरुंगात होते आणि बारा वर्षांचा चार्ल्स बूटपॉलिशच्या कारखान्यात राबत होता.

ही भीती मुरली की तिचा कडवटपणा होतो. गरिबांसाठी वर्गणी मागायला आलेल्यांना स्क्रूज विचारतो, तुरुंग नाहीत का, श्रमगृहे चालू नाहीत का? इंग्लंडमधील १८३४ च्या कायद्याने धडधाकट गरिबांना मदत शक्यतो श्रमगृहातच, म्हणजे काम करवून घेणाऱ्या आश्रयगृहातच, द्यायचे ठरले होते, आणि तिथे नवरा, बायको, मुले यांना वेगवेगळे ठेवत. तिथे जाण्यापेक्षा मरण बरे वाटणाऱ्यांनी मरावे, अतिरिक्त लोकसंख्या कमी होईल, असेही तो म्हणतो. या वाक्यामागे लोकसंख्या अन्नापेक्षा वेगाने वाढते असे मांडणारा इंग्रज अर्थतज्ज्ञ माल्थस याचा विचार आहे. पुढे बॉबचा आजारी मुलगा टायनी टिम जगेल का, असे स्क्रूज काकुळतीने विचारतो, तेव्हा वर्तमान नाताळचे भूत त्याचेच शब्द त्याला ऐकवते. तो मान खाली घालतो.

सात वर्षांपूर्वी वारलेला भागीदार मार्ली तिजोऱ्या, किल्ल्या, कुलपे आणि हिशेबाच्या वह्या यांची साखळी ओढत येतो. ती त्याने जिवंतपणी स्वतःच घडवलेली असते. भविष्याच्या दृश्यात स्क्रूजच्या मृतदेहाभोवतीचे पलंगाचे पडदेसुद्धा मोलकरीण काढून विकते.

बदललेला स्क्रूज बॉबचा पगार वाढवतो आणि त्याला सांगतो, पुढचे अक्षर लिहिण्याआधी शेगडी पेटव आणि कोळशाची आणखी एक बादली विकत आण.