बॅजर

बिळे खणणाऱ्या, आखूड पायांच्या, रुंद पाठीच्या, मध्यम आकाराच्या अनेक मांसाहारी सस्तन प्राण्यांना सरसकट बॅजर म्हणतात. त्यांतले बहुतेक मुस्टेलिडी कुलातले, म्हणजे पाणमांजराच्या गोतावळ्यातले. पण सारे सख्खे भाऊबंद नव्हेत. खणण्याच्या कामानेच त्यांना एकसारखी शरीरे दिली आहेत.

महाराष्ट्रात आढळणारा बॅजर म्हणजे चांदी अस्वल (मेलिव्होरा कॅपेन्सिस), हिंदीत बिज्जू. अस्वलाशी त्याचे नाते नाही. पण ही गफलत एकट्या मराठीची नाही: सजीवांना शास्त्रीय नावे देण्याची पद्धत रूढ करणाऱ्या लिनीअसनेही १७५८ मध्ये युरोपीय बॅजर ‘उर्सस मेलिस’ म्हणून अस्वलांतच बसवला होता. तळवा टेकून चालणारा जाडजूड प्राणी पाहून तसे वाटते खरे.

डीएनएच्या आधारे मांडलेल्या वंशवृक्षात अमेरिकी बॅजरची (टॅक्सिडिया टॅक्सस) फांदी या कुलात सर्वांत आधी फुटते, त्यानंतर चांदी अस्वलाची. युरेशियातील मेलिस (युरोपीय बॅजर ज्यात येतो तो गट) आणि वराह-बॅजर (आर्क्टोनिक्स) ही खरी भावंडे. ईशान्य भारतातही असलेले छोटे मेलोगॅले बॅजर मात्र मेलिसपेक्षा पाणमांजर व विझल (सडपातळ, छोटे शिकारी प्राणी) यांच्या अधिक जवळचे. जावा, सुमात्रा, बोर्निओ आणि पलावान येथील दुर्गंधी बॅजर (मायडॉस) तर दुर्गंधी फवारणाऱ्या स्कंकांच्या मेफिटिडी कुलात गेले आहेत. मेलिसमध्ये पूर्वी एकच जाती धरत. आता युरोपीय, आशियाई, जपानी आणि कॉकेशियन अशा चार मानतात.

मेलिसची कवटी हातात घेतली की एक गोष्ट लगेच कळते: प्रौढ प्राण्याचा खालचा जबडा सुटून येत नाही. त्याची आडवी खुंटी कवटीच्या खोल खाचेत अशी अडकलेली असते की सांधा निखळणे जवळजवळ अशक्य. युरोपीय बॅजरचे मुख्य अन्न मात्र गांडुळे! त्याच्या बिळाचे तोंड उंचीपेक्षा रुंद असते. कोल्ह्याचे बहुधा रुंदीपेक्षा उंच. बाहेर उपसलेल्या मातीच्या ढिगात वाळलेले गवत मिसळलेले दिसले, तर बीळ बॅजरचे असण्याची शक्यता अधिक. अंथरुणाचे गवत तो हनुवटी आणि पुढच्या पायांत कवळून उलटा चालत आत नेतो आणि जुने झाले की बाहेर काढतो. विष्ठेसाठी वेगळे उथळ खड्डे करतो.

गर्भकाळ मोजताना फसगत होते. युरोपीय बॅजरचा समागम बहुधा वसंतात होतो, पण फलित गर्भ गर्भाशयात रुजायला डिसेंबर उजाडतो. प्रत्यक्ष वाढ सुमारे ७ आठवड्यांची, पिल्ले फेब्रुवारीच्या सुमारास. चांदी अस्वलाचा गर्भकाळ जुनी पुस्तके ६ महिने सांगतात. आफ्रिकेतील कालाहारी वाळवंटातल्या निरीक्षणांत तो ५० ते ७० दिवसांचा निघाला, आणि पिल्लू बहुधा एकच.

चांदी अस्वलाची कातडी जाड आणि सैल असते. मानगूट पकडली तरी ते आतल्या आत वळून चावते. ओल्या मातीत पाच बोटे आणि त्यांच्या बऱ्याच पुढे उमटलेल्या नखांच्या खुणा दिसतात. रात्री उदमांजराशी घोटाळा झाला तर शेपूट पाहावे: उदमांजराचे जवळजवळ अंगाएवढे लांब, याचे आखूड.